खनिजांवर श्वास घेणारे सफाई कामगार

सूक्ष्मजीव म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर रोगजंतूच उभे राहतात. फार तर दुधाचे दही करणारे किंवा सांडपाण्यातील मैला कुजवणारे जीवाणू आठवतात. मात्र जमिनीखाली, खडकांच्या भेगांत आणि नदीतळाच्या गाळात जीवाणूंचे एक वेगळेच विश्व नांदत असते. लोह, मँगनीज, गंधक यांची खनिजे हाच त्यांच्या जगण्याचा आधार असतो. युरेनियम, क्रोमियम, जस्त अशा धातूंनी दूषित झालेले पाणी या जीवाणूंच्या साह्याने स्वच्छ करता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ गेली तीन दशके घेत आहेत. त्याचे उत्तर 'होय' असे आहे. परंतु त्या होकाराला काही अटी आहेत, आणि त्या न जाणता केलेली सफाई अंगाशी येऊ शकते.

या विश्वाची एक खूण कोकणात कोणालाही पाहता येते. जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यावर किंवा भातखाचरांच्या कडेला साचलेल्या डबक्यांवर अनेकदा रॉकेल सांडल्यासारखा रंगीत तवंग दिसतो आणि तळाशी गंजासारखा नारिंगी साका बसलेला असतो. तेलाचा तवंग काडीने ढवळला तर पुन्हा एकत्र येतो. हा तवंग मात्र पापुद्र्यासारखा तुटतो. कारण ते तेल नसून लोहसंयुगांचा पातळ थर असतो. पाणी साचलेल्या मातीत एका प्रकारचे जीवाणू तांबड्या मातीतील लोह विरघळवतात. ते पाणी हवेच्या संपर्कात आले की दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याच लोहाचा पुन्हा गंज करतात. विरघळवणे आणि साका बसवणे या दोन क्रियांभोवतीच धातूंच्या जैविक सफाईचे सारे शास्त्र फिरते.

धातू कुजत नाही

भाजीपाल्याचा कचरा कुजतो, तेलाचे रेणूही जीवाणू खाऊन संपवू शकतात. कार्बनी पदार्थांचे तुकडे होऊन अखेरीस पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. धातूचे तसे नाही. युरेनियमचा किंवा शिशाचा अणू कोणताही जीवाणू पचवून नाहीसा करू शकत नाही. तो जाळता येत नाही आणि कुजवताही येत नाही. त्याचे केवळ रूप बदलता येते.

हे रूप मात्र फार महत्त्वाचे असते. एकच धातू एका रूपात पाण्यात सहज विरघळतो आणि भूजलाबरोबर मैलोन्‌मैल वाहत जाऊन विहिरीत पोहोचतो. दुसऱ्या रूपात तो घट्ट कणांच्या स्वरूपात मातीला चिकटून राहतो. या दोन रूपांतील फरक बहुतेक वेळा केवळ काही इलेक्ट्रॉनांचा असतो. अणूने इलेक्ट्रॉन गमावले की त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात, मिळवले की क्षपण. जीवाणू नेमकी हीच देवघेव करतात.

माणूस अन्नातून इलेक्ट्रॉन मिळवतो आणि श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनच्या स्वाधीन करतो. या व्यवहारातून शरीराला ऊर्जा मिळते. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो. तेथील जीवाणूंना इलेक्ट्रॉन टाकण्यासाठी दुसरे ठिकाण शोधावे लागते, आणि ते त्यांना खनिजांत सापडते. गंजासारख्या लोहखनिजावर इलेक्ट्रॉन सोडून ते आपली ऊर्जा मिळवतात. हे जीवाणू खनिजावर 'श्वास घेतात', असे शास्त्रज्ञ म्हणतात ते याच अर्थाने.

एकेकाळी ही कल्पना अनेकांना पटत नव्हती. भूगर्भातील लोह आणि मँगनीज यांचे बदल केवळ रासायनिक असतात, असा समज रूढ होता. १९८७ मध्ये अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांनी वॉशिंग्टनजवळील पोटोमॅक नदीच्या गाळातून लोहखनिजावर श्वसन करणारा जीवाणू वेगळा केला. तो पुढे जिओबॅक्टर या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८८ मध्ये केनेथ नीलसन आणि त्यांचे सहकारी यांनी न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा सरोवरात मँगनीजच्या बाबतीत हेच काम करणारा शेवानेला हा जीवाणू दाखवून दिला. १९९१ मध्ये लव्हली यांच्या गटाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. हे जीवाणू पाण्यात विरघळलेल्या युरेनियमलाही इलेक्ट्रॉन देऊ शकतात, आणि तसे झाले की युरेनियम अविद्राव्य होऊन पाण्याबाहेर पडते.

इलेक्ट्रॉन पेशीबाहेरच्या घन खनिजापर्यंत कसे पोहोचतात, हेही एक कोडे होते. जिओबॅक्टरच्या अंगावर विजेच्या तारांसारखे काम करणारे अतिसूक्ष्म तंतू असतात, असे २००५ मध्ये जाहीर झाले. हे तंतू लोहयुक्त प्रथिनांच्या साखळीचे बनलेले असल्याचे येल विद्यापीठातील निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले.

रायफलचा प्रयोग

प्रयोगशाळेतील नळीत सिद्ध झालेली गोष्ट प्रत्यक्ष जमिनीत घडते काय, याची कसोटी कोलोरॅडो राज्यातील रायफल या छोट्या गावी लागली. कोलोरॅडो नदीच्या काठी असलेल्या या गावात १९२० च्या दशकापासून व्हॅनेडियम आणि पुढे युरेनियमच्या धातुकावर प्रक्रिया होत असे. १९५८ मध्ये तेथील जुना कारखाना बंद पडला. मागे राहिलेल्या गाळाचे ढीग सरकारने उचलून १९९६ पर्यंत गावाबाहेर सुरक्षित जागी हलवले. परंतु तोवर पावसाच्या पाण्याबरोबर झिरपलेले युरेनियम भूजलात उतरले होते. नदीकाठच्या भूजलाचा प्रवाह ते यथावकाश धुऊन नेईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते कितीतरी अधिक काळ तेथेच रेंगाळले.

२००२ च्या जून ते ऑक्टोबर या काळात लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक साधा वाटणारा उपाय केला. बाहेरून कोणताही जीवाणू आणला नाही. जमिनीत छिद्रांची रांग घेऊन त्यांतून भूजलात ॲसिटेट सोडले. व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या ॲसिटिक आम्लाचे हे क्षाररूप जिओबॅक्टरचे आवडते खाद्य आहे. प्रवाहाच्या दिशेने पुढे असलेल्या निरीक्षण विहिरींतील पाण्याचे नमुने वेळोवेळी तपासण्यात आले.

परिणाम अपेक्षेहून लवकर दिसला. अवघ्या ९ दिवसांत पाण्यातील युरेनियम घटू लागले. ५० दिवसांच्या आत काही विहिरींत ते त्या जागेसाठी ठरवून दिलेल्या मर्यादेखाली, म्हणजे लिटरमागे सुमारे ०.०४ मिलिग्रॅमच्याही खाली आले. त्याच काळात भूजलातील जीवाणूंमध्ये जिओबॅक्टरचे प्रमाण वाढत जाऊन एका टप्प्यावर ८९ टक्क्यांपर्यंत पोहोचले. जमिनीत मुळातच मोजक्या संख्येने असलेल्या जीवाणूंना खाद्य मिळाले, त्यांची संख्या वाढली आणि त्यांनी युरेनियम पाण्यातून बाहेर काढले. पाणी उपसून, यंत्रांतून गाळून पुन्हा जमिनीत सोडण्याच्या खर्चिक पद्धतीला हा स्वस्त पर्याय ठरेल, अशी आशा निर्माण झाली.

खाद्य तेच, खाणारे बदलले

या यशाला दुसरी बाजूही होती, आणि ती त्याच प्रयोगात दिसून आली. ॲसिटेटचा पुरवठा सुरूच होता, तरी काही काळाने युरेनियमचे प्रमाण पुन्हा वाढू लागले.

जिओबॅक्टरला श्वसनासाठी लागणारे लोहखनिज छिद्रांच्या आसपास संपत आले होते. जिओबॅक्टर मागे पडला आणि सल्फेटवर श्वसन करणाऱ्या दुसऱ्या जीवाणूंनी त्याची जागा घेतली. ॲसिटेट आता त्यांच्या पोटात जाऊ लागले. मात्र हे नवे जीवाणू युरेनियम बाहेर काढण्यात तितके पटाईत नव्हते. जमिनीत खाद्य सोडणे माणसाच्या हाती होते. ते कोणी खायचे हे मात्र त्याच्या हाती नव्हते.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. साका होऊन बसलेले युरेनियम जमिनीतच असते. उद्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आला, किंवा शेतातील खतांतून झिरपणारे नायट्रेट तेथे पोहोचले, तर ते पुन्हा विरघळू शकते. क्षपण झालेले युरेनियम टणक स्फटिकांच्या रूपात राहील, असे प्रारंभी मानले जात होते. रायफलच्या गाळावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. त्यातील बराच भाग स्फटिक न होता जीवाणूंच्या अवशेषांना विस्कळीतपणे चिकटलेला आढळला. असे युरेनियम स्फटिकापेक्षा सहज विरघळू शकते.

रायफलने आणखी एक धडा दिला. युरेनियम अपेक्षेप्रमाणे वाहून का गेले नाही, याचे एक कारण जमिनीतच दडलेले होते. नदीच्या जुन्या गाळात पालापाचोळ्याचे आणि लाकडाचे अवशेष गाडले गेलेले थर आहेत. तेथील जीवाणूंना हे खाद्य आयतेच मिळते आणि ते कोणी न सांगता युरेनियम अडवून ठेवतात. हे थर म्हणजे एक प्रकारे नैसर्गिक कोठारेच आहेत. भूजलाची पातळी खाली-वर होऊन त्यांना हवा लागली की त्यांतील युरेनियम थोडे थोडे सुटत राहते.

या जमिनीत नेमके कोण राहते, हेही पुरते ठाऊक नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील जिल बॅनफिल्ड यांच्या गटाने रायफलच्या भूजलातील जीवाणूंची जनुके वाचली. जीवाणूविश्वाचा १५ टक्क्यांहून अधिक भाग व्यापणाऱ्या, प्रयोगशाळेत जवळजवळ कधीच न वाढवल्या गेलेल्या जीवाणूंच्या एका मोठ्या समूहाची ओळख २०१५ मध्ये त्यातून पटली.

बंगालमध्ये तेच खाद्य घातक

एका ठिकाणी औषध ठरणारी क्रिया दुसरीकडे विष कशी ठरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये आहे. तळ्यांतील दूषित पाण्यामुळे होणाऱ्या पटकी-अतिसारापासून सुटका व्हावी म्हणून १९७० च्या दशकापासून तेथे लाखो कूपनलिका खोदण्यात आल्या. त्या पाण्यात रोगजंतू नव्हते. पण आर्सेनिक होते. कोट्यवधी लोक या पाण्याच्या कक्षेत आले. कातडीवर डाग पडणे, तळवे खरखरीत होणे यांपासून कर्करोगापर्यंतचे विकार त्यातून उद्भवले.

हे आर्सेनिक कोणत्याही कारखान्याने टाकलेले नव्हते. हिमालयातून वाहत आलेल्या गाळातील लोहखनिजाच्या कणांना ते चिकटून बसले होते. जोवर लोह घट्ट होते तोवर आर्सेनिकही अडकलेले होते. लोहावर श्वसन करणाऱ्या जीवाणूंनी ते लोह विरघळवले, तसे आर्सेनिकही मोकळे झाले. पश्चिम बंगालमधील गाळ घेऊन मँचेस्टर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगात हवाबंद गाळात ॲसिटेट मिसळताच आर्सेनिक अधिक प्रमाणात बाहेर पडले.

रायफलमध्ये ज्या ॲसिटेटने युरेनियम पाण्यातून काढले, त्याच ॲसिटेटने बंगालच्या गाळातून आर्सेनिक पाण्यात आणले. जीवाणूंची करणी दोन्हीकडे एकच होती: त्यांनी इलेक्ट्रॉन दिले. इलेक्ट्रॉन मिळाल्यावर युरेनियम आणि क्रोमियम घट्ट होतात, लोह मात्र विरघळते आणि आपल्याला चिकटलेले आर्सेनिक सोडून देते. रायफलमध्येही नंतरच्या प्रयोगांत ॲसिटेट दिल्यावर भूजलात आर्सेनिक वाढल्याची नोंद झाली. त्यामुळे एका धातूची सफाई करताना शेजारच्या दुसऱ्या धातूचे काय होईल, हे आधी तपासणे अपरिहार्य ठरते.

खाणींतील आम्ल आणि तांबे

इलेक्ट्रॉन काढून घेणारे, म्हणजे ऑक्सिडीकरण करणारे जीवाणूही असेच दुधारी आहेत. कोळसा, तांबे, जस्त यांच्या खाणींत पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज मुबलक असते. खाण खोदली की त्याला हवा आणि पाणी मिळते आणि त्यातून गंधकाम्ल तयार होते. आम्लयुक्त पाण्यात ही क्रिया आपोआप अत्यंत मंद चालते. परंतु काही जीवाणू तिच्यातील लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा टप्पा सुमारे दहा लाख पटींनी वेगवान करतात. यांपैकी एक जीवाणू कोळशाच्या खाणीतून वाहणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात १९४७ मध्येच सापडला होता.

कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन ही खाण १९६३ मध्ये बंद झाली. आतील पायराइट मात्र मागेच राहिले. तेथील पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता दर्शवणारा आकडा, उणे ३.६ इतका खाली नोंदवला गेला. शुद्ध पाण्याचा सामू ७ आणि लिंबाच्या रसाचा सुमारे २ असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची तीव्रता कळते. या खाणीतील अत्यंत आम्लयुक्त पाण्यातही सूक्ष्मजीव सुखेनैव जगतात, असे २००० मध्ये बॅनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. या डोंगरातील उरलेले पायराइट अडीच ते तीन हजार वर्षे आम्ल देत राहील, असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज ते पाणी चुन्याच्या साह्याने शुद्ध करूनच पुढे सोडले जाते.

हेच जीवाणू खाण उद्योगाच्या कामी मात्र येतात. कमी प्रतीच्या धातुकाच्या ढिगावर आम्लयुक्त पाणी शिंपडले की जीवाणू त्यातील तांबे विरघळवतात आणि ढिगाखाली जमणाऱ्या पाण्यातून ते काढून घेता येते. अमेरिकेतील केनेकॉट कंपनीने या पद्धतीचे पेटंट १९५८ मध्ये मिळवले. आज चिलीसह अनेक देशांत ती वापरली जाते. ढीग अभेद्य अस्तरावर रचून सारे पाणी गोळा केले तर तो उद्योग ठरतो. तेच पाणी ओढ्यात गेले तर ते प्रदूषण होते.

नेदरलँडमधील बुडेल येथील जस्त कारखान्याने याच्या उलट वाट निवडली. कारखान्याखालचे भूजल जस्त आणि सल्फेट यांनी दूषित झाले होते. ते उपसून मोठ्या टाक्यांत सल्फेटवर श्वसन करणाऱ्या जीवाणूंच्या हवाली करण्याची योजना १९९२ मध्ये सुरू झाली. जीवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात, सल्फाइड जस्ताशी संयोग पावते आणि जस्ताचा साका तळाशी बसतो. तो उचलून कारखान्यात परत वापरला जातो. रायफलच्या तुलनेत ही पद्धत खर्चिक आहे. परंतु टाकीत कोणते जीवाणू वाढतात, काय खातात यावर लक्ष ठेवता येते. मुख्य म्हणजे धातू जमिनीत न राहता हाती येतो, त्यामुळे तो पुन्हा विरघळण्याची भीती उरत नाही.

भारतापुढील प्रश्न

भारतात या शास्त्राची गरज कमी नाही. देशातील बहुतांश क्रोमाइट ओडिशातील सुकिंदा खोऱ्यातून निघते. तेथील पाण्यात सहा संयुजेचे क्रोमियम आढळते. ते विद्राव्य आणि कर्करोगकारक असते. ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट या संस्थेने २००७ मध्ये जगातील सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांच्या यादीत सुकिंदाचा समावेश केला होता. हे क्रोमियम तीन संयुजेचे केले की त्याचे विषारीपण खूपच कमी होते आणि ते मातीत बसते. ही क्षमता असलेले जीवाणू तेथील मातीतून भारतीय प्रयोगशाळांनी वेगळे केले आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही जीवाणूंच्या साह्याने धातू वेगळे करण्याबाबत दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

युरेनियमचा प्रश्नही केवळ खाणींपुरता नाही. राजस्थान आणि गुजरातमधील विहिरींचा अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी भारतीय सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. राजस्थानात तपासलेल्या विहिरींपैकी जवळपास एक तृतीयांश विहिरींत युरेनियमचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेहून, म्हणजे लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. हे युरेनियम मूळच्या खडकातलेच आहे. परंतु भूजलाचा वाढता उपसा आणि नायट्रेटचे प्रदूषण यांमुळे ते विरघळण्यास हातभार लागत असावा, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. उपशाने पाण्याची पातळी खाली गेली की पूर्वी पाण्याखाली असलेल्या खडकाला हवा लागते. म्हणजे रायफलमध्ये जीवाणूंनी केलेली सफाई ज्या कारणांनी उलटण्याची भीती आहे, तीच कारणे येथे माणसाने स्वतः निर्माण केली आहेत.

'जीवाणू प्रदूषण खाऊन टाकतात' अशी जाहिरात करणारी उत्पादने बाजारात मिळतात. सांडपाणी किंवा तेलाच्या बाबतीत त्यात काही तथ्य असू शकते. धातूच्या बाबतीत मात्र कोणी असा दावा केला, तर नागरिकांनी आणि पालिकांनी तीन प्रश्न विचारायला हवेत. धातू कोणत्या रूपात आणि कोठे जाणार? त्याच्या शेजारी दुसरा कोणता धातू आहे, जो याच क्रियेने मोकळा होईल? आणि खाद्य थांबवल्यानंतर पाण्याची तपासणी किती वर्षे चालू राहणार? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर ती सफाई नव्हे. दूषित माल नजरेआड करणे होय.

जीवाणू ना मित्र असतात ना शत्रू. कोट्यवधी वर्षे ते खनिजांशी इलेक्ट्रॉनांची देवघेव करीत आले आहेत आणि पुढेही करीत राहतील. कोकणातील डबक्यावरचा तवंग, बंगालमधील कूपनलिकेचे पाणी आणि कोलोरॅडोच्या काठची ती निरीक्षण विहीर ही एकाच व्यवहाराची तीन रूपे आहेत. त्यांच्या श्वसनाचा उपयोग करून घेता येतो, हे रायफलने सिद्ध केले. पण जमिनीखाली एकदा विखुरलेला धातू गोळा करण्यापेक्षा तो विखुरू न देणे कितीतरी सोपे असते, हेही त्याच विहिरींतील चढत्या-उतरत्या आकड्यांनी दाखवून दिले आहे.